मागची सीट

"आई, हे बघ, अशी करायची आपली गाडी," असं म्हणत आमच्या चिरंजीवांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी कणीक मळत होते. हात पिठात, चष्मा कपाळावर. तरी बघितलं. काळी कुळकुळीत मोटारसायकल, बुटकं हँडल, पुढे गोल दिवा, आणि मागे काहीच नाही. सीट म्हणून टीचभर गादी, तीही चालवणाऱ्यापुरती. मडगार्ड अर्ध्यात कापलेलं, चेनकव्हर गायब, चाकाजवळची जाळी गायब.

"छान आहे," मी म्हटलं. "पण मी कुठे बसायचं?"

तो हसला. "तू कशाला बसशील आता? रिक्षा आहेत की."

त्या दिवशी पोळ्या जरा जाडच झाल्या.

गाडी म्हणजे ह्यांची येझदी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, १९८६ साली, पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली. म्हैसूरच्या कारखान्यात आधी 'जावा' बनायची, १९७३ पासून तिचीच 'येझदी' झाली आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअर होतो, अशी ही अजब गाडी. इंजिनाचा सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र दोन, एकुलत्या एका लेकीच्या दोन वेण्या घालाव्यात तसे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागायचं. हे कॉलनीच्या वळणावर आले की आवाजावरून मी चहाचं आधण ठेवायची. २०२१ मध्ये हे गेले आणि गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पूर्वी तिथे सासूबाईंची म्हैस असायची. गाडीवर जुनी चादर, चादरीवर धूळ. भंगारवाला दोनदा विचारून गेला. वन्सं म्हणाल्या, "विकून टाक बाई, जागा तरी मोकळी होईल."

म्हणून मुलाने ती दुरुस्त करायचं काढलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. हे जे 'मॉडिफाय' करणं म्हणतात, त्याला मी नावं ठेवणारी नाही. स्वतःचं ताट न उचलणारा मुलगा रात्री अकरापर्यंत कार्बोरेटर ब्रशने घासत बसलेला मी पाहिलाय. रेशनचं रॉकेल आमच्याकडे कधीच बंद झालं, त्यामुळे सगळे पार्ट डिझेलमध्ये धुतले जातात आणि माझी जुनी पातळं पुसायला जातात. सायलेन्सरच्या नळ्यांमधला कार्बन काढायला कॉस्टिक सोडा लागतो, हे मला नव्याने कळलं. आमच्या आया साबण करायला वापरायच्या तोच. टाकीला पोचे आले होते तिथे लांबी भरून पॉलिश पेपरने घासणं म्हणजे तर भिंतीला गिलावा केल्यासारखंच काम. मोडकं फेकून नवं आणायच्या दिवसांत एक पोरगा जुनं उघडून बघतोय, याचा आईला आनंदच होणार.

माझं भांडण फक्त त्या मागच्या सीटशी आहे.

मुलाकडून आणि त्याच्या मित्रांकडून मी थोडी माहिती काढली. ही मागचं कापून टाकायची फॅशन आपली नव्हे. इंग्लंडमध्ये पन्नास-साठच्या दशकात तरुण पोरं हायवेवरच्या कॅफेंमधून गाड्या पळवायची. वजन कमी व्हावं म्हणून जे नको ते काढायचं, एकट्यापुरती सीट ठेवायची. त्याला म्हणे कॅफे रेसर म्हणतात. अमेरिकेत महायुद्धानंतर मडगार्ड छाटून गाड्या हलक्या केल्या, तो दुसरा प्रकार. त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या मागे नऊवारी नेसलेली सासू, मांडीवर नातू आणि हातात गिरणीचा डबा घेऊन बसत नव्हती.

आपल्याकडे बसते. म्हणून आपल्याकडच्या गाडीला ती जाळी असते. तिला सगळे 'साडी गार्ड' म्हणतात, पण ती काही कंपनीची मेहेरबानी नव्हे, कायद्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १२३ वा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. मला हे वाचून फार गंमत वाटली. इतक्या रुक्ष सरकारी नियमात आपला पदर कुणाच्या तरी लक्षात राहिला! आणि पोरं गाडी घरी आणली की पहिला पाना लावतात तो नेमका तिथे. म्हणे लूक बिघडतो.

आमच्या आळीतल्या एका वहिनी बाजारातून येताना दिराच्या मागे बसल्या होत्या. त्याने जाळी काढलेली. पदराचं टोक चाकात गेलं, आणि वहिनी सहा महिने पाठीवर झोपून होत्या. त्यांच्या मुलांचे डबे आम्ही चौघीजणी आळीपाळीने करत होतो. त्या वेळी आळीत जो तो म्हणाला, "बायकांनी पदर सांभाळून बसायला नको का?" जाळी कुठे गेली, हे त्या दिराला एकानेही विचारलं नाही. आम्हीही नाही.

मुलाला हे सगळं सांगितलं, तर त्याने जे उत्तर दिलं त्यावर मी दोन दिवस गप्प होते. तो म्हणाला, "आई, उद्या माझी बायको आली तर ती तिची गाडी चालवेल. माझ्या मागे कशाला बसेल? बायकांनी मागेच बसावं असं तुला वाटतं का?"

आता काय बोलणार? खरंच तर आहे. आमच्या गावातल्या मुली आज स्कूटीवरून कॉलेजला जातात, शिक्षिका वीस-वीस किलोमीटर लांबच्या शाळेत जातात, भाजीवाल्या मावशीसुद्धा गाडीला पोतं बांधून येते. मी जन्मभर मागे बसले, तेव्हा ती जागा मला फार लाडाची वाटणारच. एका बाजूला दोन्ही पाय, डाव्या हाताने मूठ धरलेली, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आणि ह्यांच्या शर्टाला येणारा उन्हाचा वास. पण ती जागा मी निवडली होती का? मला कुणी पुढची दिलीच नव्हती.

तरीही मी मुद्दा सोडला नाही. बायको स्वतःची गाडी चालवेल हे छानच, पण म्हातारी आई, ताप आलेलं पोर, पाय मुरगळलेला शेजारी, यांना कुठे बसवणार? घरातली गाडी घराच्या उपयोगी पडायला नको? पैसे घराचे, शेड घराची, साबण-सोडा घरचा आणि सीट तेवढी एकट्याची! माझ्या वहीत मी हिशोब लिहून ठेवलाय. आत्तापर्यंत बावीस हजार चारशे झाले. मी शिलाई मशीनला मोटार बसवायची म्हटलं होतं तेव्हा चार हजारांसाठी सहा महिने चर्चा चालली होती. पुरुषांची असली की 'हौस', आणि बायकांची असली की 'खर्च'.

शिलाईवरून आठवलं. आपण बायका हे मॉडिफायचं काम पिढ्यान्पिढ्या करतोय की! जुन्या साडीचा पंजाबी ड्रेस, ड्रेसचं झबलं, झबल्याची चिंधी गोधडीत. पण गोधडी शिवणाऱ्या बाईचे फोटो काढायला चौकातली पोरं येत नाहीत. येझदीचे काढायला मात्र रोज दोघं-तिघं येतात आणि मी त्यांना चहा करते.

शेवटी तोडगा निघाला तो आमच्या जुन्या मिस्त्रींमुळे. ह्यांची गाडी तेच बघायचे. आता सत्तरी उलटलीय, पण इंजिन नुसतं ऐकून सांगतात काय बिघडलंय ते. मुलाने मागची चासी कापायचा विचार सांगितल्यावर त्यांनी कपाळालाच हात लावला. "वहिनी, चासी कापली की गाडीचा जीव गेला, आणि आरटीओत पासिंग पण गेलं." मग नीट चौकशी केली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की कंपनीने गाडी ज्या रचनेची करून दिली आणि आरसीवर जशी नोंद झाली, त्यात फरक पडेल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. रंग बदलला तर चालतो, पण तशी नोंद करून घ्यायची. मुलाचा चेहरा पडला. फटाके फोडणारा सायलेन्सर लावायचंही त्याच्या मनात होतं. असले सायलेन्सर पोलिसांनी कितीतरी गावांत रस्त्यावर मांडून त्यावर रोड रोलर फिरवलाय, हे मीच त्याला पेपरातलं कात्रण दाखवून सांगितलं. समोरच्या घरात पक्षाघात झालेले आजोबा आहेत. त्यांची दुपारची झोप मोडणाऱ्या गाडीचं मला कौतुक नाही.

तर आता गाडी अशी झालीय: रंग गडद निळा, हँडल आणि दिवा मूळचाच पण चकाचक, जाळी जागेवर, आणि सीट दोघांची. सीटचं कव्हर मी शिवलं. रेक्झिनला अठरा नंबरची सुई लागते आणि टाका मोठा ठेवावा लागतो, नाहीतर टाक्यांच्या रेषेवरच फाटतं. दोन सुया मोडल्या, पण टीप सरळ आली. मित्रांनी विचारलं, "कव्हर कुठून करून आणलंस?" तेव्हा चिरंजीव क्षणभर घुटमळले, मग म्हणाले, "आईने केलं." तो क्षणभरचा वेळ मी मोजला.

पण मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. दिवाळीत थोरली लेक पुण्याहून आली. शेडमध्ये गेली ती बाहेरच येईना. बघते तर भावाच्या शेजारी उकिडवी बसून पॉइंटची फट लावत होती. नखं काळी. म्हणाली, "आई, बाबा दर रविवारी ही गाडी उघडायचे. दादाला पाना धरायला बसवायचे. मला का नाही गं बोलावलं कधी?"

बाबांनी नव्हतं बोलावलं हे खरं. पण एकदा ती आपणहून गेली होती, सातवी-आठवीत असताना. मीच हाक मारून आत बोलावलं होतं, हात काळे होतील म्हणून, आणि पाहुण्यांसाठी पोहे भिजवायला लावले होते. तिला ते आठवतंय की नाही, मी विचारलं नाही. मला आठवतंय.

आणखी एक चूक सांगते मैत्रिणींनो, म्हणजे तुमची तरी होणार नाही. गाडीच्या मालकाचं निधन झालं तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची असते. बँक, पेन्शन, विमा, सगळीकडे मी धावले. गाडीचं मला कुणी सांगितलं नाही आणि माझ्या डोक्यातही आलं नाही. आता उशिराचा भुर्दंड पडेल. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावायचीही सोय झालीय. घरात गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर आज रात्री जेवताना त्यांना आठवण करा. अशुभ बोलते म्हणून रागावले तर रागावू द्या. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तिची फी २०२२ मध्ये दुचाकीला तीनशेवरून हजार झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढली. वर पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी पाळणं म्हणजे जुनं माणूस सांभाळण्यासारखंच, औषधपाणी चुकत नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी गाडी अंगणात काढली. कागद होईपर्यंत रस्त्यावर न्यायची नाही, असा मिस्त्रींचा हुकूम आहे. किक लेकीने मारली. पाचव्या किकला निळा धूर आणि तो आवाज. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, सवयीने. मग गॅस बंद करून बाहेर आले आणि ड्रेस घातलेला होता म्हणून आयुष्यात पहिल्यांदा दोन पाय दोन बाजूंना टाकून बसले. पुढे लेक, मागे मी. अंगणात दोन फेऱ्या झाल्या, तुळशीला वळसा घालून.

येत्या मंगळवारी आरटीओत जायचंय. फॉर्म भरून ठेवलाय, दोन्ही मुलांची संमतीपत्रंही तयार आहेत. नाव कुणाचं लावायचं यावर चिरंजीवांचं थोडं वेगळं मत होतं. मी माझं लिहिलंय.