या वाक्यात बारा अक्षरे आहेत

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा 'कोडी सोडवा, स्मरणशक्ती टिकवा' अशा धर्तीचे काही तरी मी लिहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ती मी पूर्ण करू शकत नाही, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. गेली तीस वर्षे मी आकड्यांची कोडी सोडवतो आहे. ती औषध म्हणून कोणाला लिहून द्यावीत, असे मला एकदाही वाटलेले नाही.

माझ्या विशेष आवडीची कोडी स्वतःविषयीच बोलणारी असतात. शीर्षक पुन्हा वाचावे व अक्षरे मोजावीत. जोडाक्षर एकच धरायचे. बरोबर बारा भरतात. 'बारा' काढून तेथे 'तेरा' घातले, तर वाक्य खोटे होते. दुसरा कोणताही आकडा तेथे चालत नाही. आपण इंदूरकर दोन भाषांत वावरतो, म्हणून हिंदीतही करून पाहिले: 'इस वाक्य में बारह अक्षर हैं'. मोजा, येथेही बाराच! हा निव्वळ योगायोग आहे. पण ज्या दिवशी तो सापडला, त्या दिवशी दवाखान्यात मी विनाकारण प्रसन्न होतो, असे कंपाउंडरचे म्हणणे.

दोन भाषांचा स्वभाव मात्र पुढच्या खेळात वेगळा निघतो. मराठीतील कोणतीही संख्या अक्षरांत लिहा, तिची अक्षरे मोजा, आलेली संख्या पुन्हा अक्षरांत लिहा. 'एकोणीस' म्हणजे चार, 'चार' म्हणजे दोन, 'दोन' म्हणजे दोनच. एकपासून दहापर्यंतचे आपले सगळे आकडे दोन अक्षरी असल्यामुळे कोठूनही निघालो, तरी दोनवर येऊन थांबतो. हिंदीत 'एक' म्हणजे दो आणि 'दो' म्हणजे एक. तेथे थांबणे नाहीच. एक-दो, एक-दो असा झोका चालूच राहतो.

हे झोके मला प्रथम भेटले ते एका जुन्या कोड्यात. अमेरिकन गणितज्ञ रॅफेल रॉबिन्सन यांचे हे कोडे डग्लस हॉफस्टॅटर यांच्या १९८५ च्या 'मेटामॅजिकल थीमाज' या ग्रंथामुळे सर्वदूर पोहोचले. त्याचे मराठी रूप असे: 'या वाक्यात ० हा अंक — वेळा, १ हा अंक — वेळा', असे करीत '९ हा अंक — वेळा आला आहे'. दहा रिकाम्या जागा अंकांनीच भरायच्या आणि वाक्य खरे ठरले पाहिजे.

सुरुवातीला सर्वत्र १ भरावा आणि मोजावे. १ हा अंक अकरा वेळा आलेला दिसतो, म्हणून त्याच्या जागी ११ लिहावे. पण ११ लिहिताच एक १ वाढला, आता १२. ते लिहिले, तर एक १ गेला आणि एक २ आला. म्हणून १ च्या जागी ११ आणि २ च्या जागी २. पुन्हा मोजले, तर काहीच बदलत नाही. वाक्य स्वतःच स्वतःचा पुरावा झाले! याचे आणखी एकच उत्तर आहे: १ सात वेळा, २ तीन वेळा, ३ आणि ७ प्रत्येकी दोन वेळा, उरलेले एकेकदा.

परंतु समजा आपण १ च्या जागी ७, २ च्या जागी ४, ८ च्या जागी २ आणि बाकी सर्वत्र १ येथपर्यंत आलो. मोजल्यावर १ आठ वेळा आणि २, ४ व ७ प्रत्येकी दोन वेळा आलेले निघतात. तसे लिहून पुन्हा मोजावे, तर थेट पहिल्याच आकड्यांवर परत. सात, आठ, सात, आठ. प्रत्येक दुरुस्ती त्या त्या वेळी अगदी योग्य असते आणि उत्तर जन्मात येत नाही.

येथे एका रुग्णाविषयी लिहितो. त्या शिक्षिका होत्या आणि त्यांची थायरॉईड ग्रंथी मंदावली होती. दर तीन आठवड्यांनी टीएसएच तपासायचा, वाढलेला दिसला की थायरॉक्सिन ७५ चे १०० मायक्रोग्रॅम करायचे, उतरलेला दिसला की पुन्हा ७५, असे मी जवळजवळ वर्षभर केले. बाईंना कधी थकवा, तर कधी धडधड. वस्तुतः या औषधाचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा. मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावण्यास सहा आठवडे तरी द्यावे लागतात. मी प्रत्येक वेळी मागच्या मात्रेची सावली मोजत होतो. हे मला कोड्यामुळे उमगले, असे म्हणणे लबाडी ठरेल. एका तरुण सहकाऱ्याने त्यांची फाइल उलटता उलटता सहज विचारले, "सर, आपण थोडे थांबून का पाहत नाही?" आम्ही मधली मात्रा ठेवून थांबलो, आणि बाई सावरल्या. त्या काळात घरी रात्री मी सात-आठचा तोच फेरा कागदावर ओळखत होतो, कागद फाडून नव्याने आरंभ करीत होतो. सकाळी फाइलमध्ये मात्र तो मला दिसत नव्हता.

म्हणूनच, कोडी सोडवल्याने वैद्याची बुद्धी तीक्ष्ण होते, या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. शब्दकोडे सोडवणारा शब्दकोड्यांत तरबेज होतो, एवढेच बहुधा खरे. स्मृतिभ्रंश त्याने टळतो, याला ठाम पुरावा नाही. तरीही आपल्यापैकी काहीजण वृद्ध रुग्णांना 'रोज एक कोडे' सांगतात. ज्याला आकड्यांचा तिटकारा आहे, त्या आजोबांवर ही शिक्षा कशासाठी? त्यांना भजनाला जाऊ द्यावे, नातवंडांशी पत्ते खेळू द्यावेत. चालणे आणि रक्तदाब यांविषयी आपण अधिक खात्रीने बोलू शकतो. तेथे आग्रह धरावा.

मग मी ही कोडी का सोडवतो? आपल्या व्यवसायात निदान बरोबर होते की नाही, हे पुष्कळदा कधीच कळत नाही. रुग्ण बरा होतो, तोही आपल्यामुळेच असे नाही. दिवसभर अशा अनिश्चिततेत वावरल्यावर रात्री दहा मिनिटे असे काही हाती यावे, की जे मोजले आणि बरोबर निघाले, याचे सुख मला पुरते. त्याचा उपयोग विचारू नये.

गेल्या दिवाळीत नातीला दुसरे वाक्य दिले: 'या लहानशा वाक्यात — अक्षरे आहेत'. ती इंग्रजी शाळेत शिकते. मराठी अक्षरे बोटांवर मोजत तिने 'सोळा' लिहिले. माझ्या वहीत उत्तर 'सतरा' होते. "मोज पुन्हा," मी म्हणालो. तिने मोजले, सोळाच भरली. "आजोबा, आता तुम्ही तुमचे मोजा," ती म्हणाली. मी मोजले. सतरा.