विश्लेषण : स्कॅन नॉर्मल, तरी मेंदूला इजा? सैनिकांची ही जखम सापडत का नाही?

8 जानेवारी 2020. कासिम सुलेमानी यांच्या हत्येचा बदला म्हणून इराणने इराकमधल्या अल असद हवाई तळावर क्षेपणास्त्रं डागली. एकाही अमेरिकन सैनिकाला इजा झाली नसल्याचं अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. पुढे सैनिकांच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा दावोसमध्ये ते म्हणाले की, डोकेदुखी वगैरे झाल्याचं कानावर आलंय, पण ते फार गंभीर नाही.

महिन्याभरातच हा आकडा शंभराच्या पुढे गेला. निदान होतं 'ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी', म्हणजे आघातामुळे मेंदूला झालेली इजा. युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारं 'पर्पल हार्ट' पदक सुरुवातीला यातल्या फक्त 29 जणांना मिळालं. आणखी 39 जणांना त्यासाठी डिसेंबर 2021 उजाडावा लागला.

पाय तुटला तर एक्स-रे दाखवता येतो. इथे दाखवायला काहीच नसतं आणि खरी अडचण तीच आहे.

स्कॅनमध्ये का दिसत नाही?

सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाचं फ्रॅक्चर पकडतो. नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, पण साधारण मिलिमीटरच्या पातळीवर. स्फोटाच्या दाबाची लाट डोक्यातून जाते तेव्हा ताणले जातात ते मज्जातंतूंचे धागे, आणि ते केसापेक्षाही कितीतरी बारीक असतात. त्यामुळे सैनिकाला झोप येत नाही, नावं आठवत नाहीत, घरात चिडचिड होते आणि हातातल्या रिपोर्टवर मात्र 'नॉर्मल' लिहिलेलं असतं. अमेरिकी लष्करात 2000 पासून अशा मेंदूच्या इजेचं निदान झालेल्यांची संख्या चार लाखांच्या वर आहे. त्यातल्या बहुतेक इजा 'सौम्य' गटात मोडतात. हा शब्द पहिल्या काही तासांतल्या लक्षणांवरून ठरतो, पुढच्या दहा वर्षांच्या त्रासावरून नाही.

पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणत. जखम मेंदूला झाली की मनाला, हा वाद तेव्हाही होताच.

मग संशोधकांना काय सापडलं?

एमआरआयच्याच यंत्रावर 'डिफ्युजन टेन्सर इमेजिंग' (डीटीआय) नावाची पद्धत वापरता येते. ती मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते मोजते. पाटातलं पाणी पाटाच्या दिशेनेच धावतं, पाट फुटला की आजूबाजूला पसरतं. मज्जातंतूंचंही साधारण असंच असतं.

2011 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात स्फोटात सापडलेल्या 63 अमेरिकन सैनिकांची अशी तपासणी झाली. सीटी स्कॅनमध्ये त्यांच्या मेंदूत इजा दिसली नव्हती. डीटीआयमध्ये 18 जणांत तंतूंना इजा झाल्याच्या ठळक खुणा मिळाल्या. पण यातला प्रत्येक जण स्फोटाच्या लाटेबरोबरच कुठेतरी आपटला किंवा पडलाही होता, त्यामुळे निव्वळ लाटेने काय केलं हे वेगळं काढता आलं नाही. आणि उरलेल्या 45 जणांचं काय? त्यांना इजा नव्हतीच, असं या तपासणीवरून म्हणता येत नाही.

2016 मध्ये डॉ. डॅनियल पर्ल यांच्या गटाने मृत्यूनंतर आठ सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मेंदूचा करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथे वेगळ्याच धाटणीचे व्रण होते. त्यातल्या पाच जणांना स्फोटाचा अनुभव येऊन बराच काळ लोटला होता आणि हयातीत त्या पाचही जणांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक ताणाचं निदान झालं होतं. आठ मेंदूंवरून मोठा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. तरीही 'हा मनाचाच त्रास आहे' असं सांगून सैनिकाला परत पाठवणं यानंतर सोपं राहू नये.

धोका फक्त शत्रूच्या बॉम्बचा?

नाही. खांद्यावरून डागायची रॉकेटं, उखळी तोफा, दार उडवण्यासाठी लावलेली स्फोटकं यांचा दाब ती वापरणाऱ्यालाही बसतो, तोही सरावात, पुन्हा पुन्हा. 2017 मध्ये सीरियातल्या रक्का शहराच्या लढाईत अमेरिकी मरीन तोफखान्याने पाच महिन्यांत सुमारे 35 हजार गोळे डागले. त्यातले अनेक जण घरी परतल्यावर आजारी पडल्याचं 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 2023 मध्ये समोर आणलं. सरावात रोज किती वेळा डागायची यावर ज्या शस्त्रासाठी मर्यादा घातली जाते, ती कार्ल गुस्ताफ भारतीय पायदळही अनेक दशकं वापरतंय.

ऑगस्ट 2024 मध्ये पेंटागॉनने नवे नियम काढले. त्यानुसार 4 पीएसआयपेक्षा जास्त दाब असेल तिथे खबरदारी घ्यायची आणि भरतीच्या वेळीच स्मरणशक्ती, एकाग्रता यांची चाचणी करून नोंद ठेवायची. यातली नोंद ठेवण्याची गोष्ट जास्त कामाची वाटते. 4 पीएसआयच्या खाली मेंदू सुरक्षित राहतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

स्कॅनवरून निदान कधी होईल?

त्याच वर्षी स्पेशल फोर्सेसच्या 30 सैनिकांवरचा एक अभ्यास आला. ज्यांनी जास्त स्फोट झेलले होते त्यांच्या मेंदूच्या पुढच्या बाजूच्या, भावना आणि विचारांवर ताबा ठेवणाऱ्या एका भागात बदल दिसले. पण हे चित्र दिसतं गटाच्या सरासरीत. एका सैनिकाचा स्कॅन हातात घेऊन 'याला स्फोटामुळे इजा झाली आहे' असं खात्रीने सांगणारी चाचणी अजून नाही. आणि कुणी आयुष्यभरात किती स्फोट झेलले, याची लष्कराकडे तयार नोंद नव्हती. हा आकडा सैनिकांना प्रश्नावली देऊन, त्यांच्या आठवणीतूनच काढावा लागला.