आधी बोर्ड वाचा, मग ड्रायव्हर घ्या

नगर जिल्ह्यात उन्हाला तोटा नाही. शेडनेटमध्ये, अंगणात किंवा गच्चीवर रोपं वाढवणार असाल तर दिव्यावर पैसे घालू नका. पण बंद खोलीत मांडणीवर मायक्रोग्रीन्स घेणाऱ्यांना, ऊतिसंवर्धित रोपं सांभाळणाऱ्यांना आणि खिडकीत ऊन न येणाऱ्या फ्लॅटमधल्या हौशी मंडळींना दिवा लागतोच. तयार ग्रो लाइट महाग पडतो, म्हणून एलईडी बोर्ड आणि त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर वेगवेगळे आणून घरीच दिवा बांधायचा, असं अनेकांच्या मनात येतं. जरूर बांधा. माझी विनंती एवढीच आहे, की ड्रायव्हर अंदाजाने घेऊ नका.

शेवंती आणि ड्रॅगन फ्रूटवाल्यांसाठी आधी एक खुलासा. तिथे रात्री लावलेले दिवे झाडाला अन्न तयार करायला नसतात, रात्र तोडायला असतात. शेवंतीला फुलावर यायला लांब रात्र लागते. रात्री उजेड दिला की फुलं येणं लांबतं आणि दांडा वाढतो. ड्रॅगन फ्रूटचं उलटं आहे, हिवाळ्यात त्याला उजेडाने कळी धरायला मदत होते. या कामाला मंद उजेड पुरतो, साधे एलईडी बल्ब चालतात. पानांना उन्हाच्या जागी उजेड द्यायचा असेल, तरच बोर्ड-ड्रायव्हरच्या वाटेला जा.

आता मुद्द्याचं. पांढऱ्या एलईडीच्या एका दाण्यावर साधारण ३ व्होल्ट पडतात. त्यात जरा वाढ झाली तरी करंट एकदम वाढतो. त्यात दाणा तापला की कमी व्होल्टेजवरही तेवढाच करंट ओढू लागतो. म्हणजे नुसतं व्होल्टेज कायम ठेवलं तर दाणा तापतो, तापला म्हणून जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो. हे चक्र दाणा जळेपर्यंत चालू राहू शकतं. म्हणून उघड्या बोर्डाला करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर लागतो. १२ किंवा २४ व्होल्टच्या चिकटपट्टीच्या एलईडीत बहुधा रेझिस्टर बसवलेले असतात, त्यांना ठरावीक व्होल्टेजचा अ‍ॅडॅप्टर चालतो. पण तोच अ‍ॅडॅप्टर उघड्या बोर्डाला जोडू नका.

विहिरीची खोली न बघता कोणी मोटर आणत नाही. इथेही मोजमाप आधी. समजा, बोर्डावर लिहिलं आहे: ४८ व्होल्ट, कमाल २ अँपिअर. ड्रायव्हरच्या लेबलवर लिहिलं आहे: आउटपुट ७५० मिलिअँपिअर, ३० ते ५४ व्होल्ट. दोन गोष्टी तपासा. बोर्डाचे ४८ व्होल्ट ड्रायव्हरच्या ३० ते ५४ या टप्प्यात बसतात का? बसतात. ड्रायव्हरचा करंट बोर्डाच्या कमाल करंटपेक्षा कमी आहे का? आहे. जोडी जमली. ४८ गुणिले ०.७५ म्हणजे ३६ वॅट बोर्डाला मिळतील. कमाल करंटच्या निम्म्याच्या आसपास बोर्ड चालवला तर तो कमी तापतो, जास्त टिकतो आणि युनिटमागे उजेडही जास्त देतो.

नुसते वॅट बघून घेतलं की फसगत होते. १.५ अँपिअर आणि १८ ते २४ व्होल्टचा ड्रायव्हरही ३६ वॅटचाच असतो, पण ४८ व्होल्टचा बोर्ड त्यावर नीट पेटणारच नाही.

दोन बोर्ड एका ड्रायव्हरवर लावायचे असतील तर सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते. ४८ अधिक ४८ म्हणजे ९६ व्होल्ट ड्रायव्हरच्या टप्प्यात हवेत. करंट मात्र दोघांना सारखा मिळतो. पॅरलल जोडले तर करंट वाटला जातो. त्यात एका बोर्डाची वायर निसटली तर सगळा करंट दुसऱ्यावर येतो. तो सगळा करंट एकट्या बोर्डाला झेपणार असेल, तरच पॅरलल जोडा. सिरीजमधले ९६ व्होल्ट जीवावर बेतू शकतात, म्हणून एकही टोक उघडं ठेवू नका.

जोडणी नेहमी मेन स्विच बंद करूनच करा. रिकामा चालू असलेला ड्रायव्हर आपलं सर्वांत जास्त व्होल्टेज टोकांवर धरून बसतो. त्या क्षणी बोर्ड टेकवला तर करंटचा झटका बसून दाणे जाऊ शकतात.

बाजारात २३० व्होल्टवर थेट चालणारे बोर्डही मिळतात. ड्रायव्हर त्या पाटीवरच असतो, म्हणून ते स्वस्त वाटतात. पण तिथे दाण्यांपर्यंत मेनची वीज पोचलेली असते. जिथे झारीने पाणी घालतो, फवारा मारतो, तिथे असे बोर्ड अजिबात नकोत. मेनपासून वेगळं आउटपुट देणारा, बंद डब्यातला, ओलाव्याला टिकणारा ड्रायव्हर घ्या आणि तो कुंड्यांपासून दूर, वरच्या बाजूला बसवा. धातूच्या चौकटीला अर्थिंग करा. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

गावाकडे वीज जाते-येते आणि व्होल्टेजही हलतं. म्हणून इनपुटचा टप्पा रुंद असलेला आणि सर्जपासून संरक्षण असलेला ड्रायव्हर निवडा. एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याच्या खोलीत ड्रायव्हर आणखी तापतो, म्हणून त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपुढे भार टाकू नका. बोर्डामागे अ‍ॅल्युमिनियमची हीटसिंक हवीच. बिलाचाही हिशेब करा. मेनमधून १०० वॅट ओढणारा दिवा रोज १६ तास चालला तर दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८ युनिट जातात. तेवढ्या खर्चात पीक परवडतं का, ते बोर्ड घेण्याआधी कागदावर मांडा.

दुकानदार बंधूंना विनंती आहे, की लेबल नसलेला ड्रायव्हर गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि बाभळेश्वर, दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं यांनी या विषयाचं अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक ठेवावं. आयटीआयच्या मुलांना त्यात घ्यावं, गावोगावी ही कामं तीच करणार आहेत.

आणि तुम्ही, या आठवड्यात बोर्ड घ्यायला निघाला असाल तर व्होल्ट आणि अँपिअर लिहून दिल्याशिवाय पैसे देऊ नका. साधा मल्टीमीटर विकत घ्या. पहिल्यांदा दिवा लावाल तेव्हा ड्रायव्हरचा करंट कमी-जास्त करता येत असेल तर तो कमीत कमी ठेवा, तासभर शेजारी थांबा, मेन बंद करून हीटसिंकला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर करंट कमी करा किंवा हीटसिंक मोठी बसवा. ते जमल्याशिवाय दिवा रात्रभर चालू ठेवू नका.