एका क्लिकला दोन वडापाव

तुमच्या ऑफिसात असा एक तरी प्राणी असेलच. खिशात महागडा फोन, पण ट्रेकला निघाला की गळ्यात काकांचा जुना फिल्म कॅमेरा. त्याचे इन्स्टावरचे पिवळसर, दाणेदार फोटो बघून तुम्हालाही वाटतं, माळ्यावर पडलेला आपला कॅमेरा काढावा का? काढा की! फक्त रोलची किंमत विचारताना बसून घ्या. 36चा साधा कलर रोल आज हजार रुपयांच्या घरात आहे, जरा बरा हवा असेल तर बराच पुढे. धुणं आणि स्कॅनिंगचे काही शे वेगळे. म्हणजे एका क्लिकला साधारण चाळीस रुपये. दोन वडापाव! डोळे मिटलेल्या फोटोलाही तेवढेच.

दुकानदाराच्या नावाने बोटं मोडू नका. फुजीफिल्मने 2019 मध्ये फिल्मचे भाव किमान 30 टक्क्यांनी वाढवले, 2022 मध्ये जपानात पुन्हा 20 ते 60 टक्क्यांनी. कोडॅकने 2020, 2022 आणि 2023 या तिन्ही वर्षांची सुरुवात दरवाढीनेच केली. आता तुम्ही म्हणाल, फोन आल्यावर फिल्म वापरणारे कमी झाले, मग भाव पडायला हवेत ना? ते चढतायत कसे?

उत्तर कारखान्यात आहे. फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर जिलेटिनमध्ये मिसळून चढवलेले चांदीच्या क्षारांचे कण. रंगीत फिल्मवर असे डझनभर तरी थर असतात आणि ते सगळे मिळून माणसाच्या केसापेक्षा पातळ. हे काम मिट्ट काळोखात चालतं, धुळीचा कणही चालत नाही. आणि पट्टी केवढी? मीटरभराहून रुंद, हजारो फूट लांब. ती नंतर कापून तुमचे-आमचे रोल बनतात. थोडक्यात, हे यंत्र म्हणजे मंगल कार्यालयाचा आचारी. हजार पानांचा स्वयंपाक तो स्वस्तात करून देईल. पण दोघांची भाजी करायला सांगा, भट्टी तीच, पातेलं तेच, माणसं तेवढीच. बिल दोघांच्या डोक्यावर!

मग पूर्वी ही हजार पानं कोण जेवत होतं? आपल्याला वाटतं, आपले लग्नाचे अल्बम आणि महाबळेश्वरच्या सहली. त्या होत्याच, पण मोठं गिऱ्हाईक होतं सिनेमा. जरा हिशेब मांडा. 35 एमएमच्या सिनेमाला मिनिटाला 90 फूट फिल्म लागते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे 13,500 फूट. आपला 36चा रोल जेमतेम साडेपाच फुटांचा. म्हणजे थिएटरात जाणारी एक प्रिंट बरोबर सुमारे अडीच हजार रोल! पाचशे थिएटरांत सिनेमा लावायचा तर हे गुणिले पाचशे. थिएटरं डिजिटल झाली आणि ही पंगतच उठली. कोडॅकने 2006 मध्ये सुमारे 1,240 कोटी फूट सिनेमाची फिल्म विकली होती. 2014 मध्ये आकडा होता जेमतेम 45 कोटी. आठ वर्षांत 96 टक्के साफ!

मग धडाधड पडझड झाली. आग्फाफोटोचं दिवाळं 2005 मध्ये निघालं. कोनिका मिनोल्टाने 2006 मध्ये फोटोचा धंदाच सोडला. 2007 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला कोडॅकने आपल्याच काही इमारती सुरुंग लावून पाडल्या. जानेवारी 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये कोडॅकच्याच एका इंजिनिअरने, स्टीव्ह सॅसनने बनवला होता. फुजीने 2013 मध्ये सिनेमाच्या शूटिंगची फिल्म बनवणं थांबवलं.

आपल्याकडेही असा कारखाना होता बरं का. 1960 मध्ये सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स स्थापन केली. थंड, स्वच्छ हवा हे उटीचं भांडवल. 'इंदू' नावाच्या तिच्या फिल्म घरातल्या मोठ्यांना आठवतील. 1996 मध्ये ही कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली आणि पुढे कायमची बंद पडली.

मग छोटा कारखाना काढावा की! इटलीत फेरानियाच्या जुन्या कारखान्यात काही जणांनी तेच केलं. 2014 मध्ये रंगीत स्लाइड फिल्म बनवायची म्हणून लोकांकडून पैसे उभे केले. 2017 मध्ये बाहेर आली ती मात्र कृष्णधवल पी-30. जगभर फिल्मप्रेमी टाळ्या वाजवत असताना ही अवस्था. कारण नुसती यंत्रं वाचवून भागत नाही. कच्चा माल पुरवणारे आणि काळोखात हाताच्या अंदाजाने काम करणारे कामगार पुन्हा कुठून आणायचे?

कोडॅकचं यंत्र वाचलं ते हॉलिवूडमुळे. नोलन, टॅरेंटिनो वगैरे मंडळींनी आग्रह धरला आणि 2015 मध्ये मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले. नंतर तरुण पोरं फिल्मकडे वळली. 2018 मध्ये एक्टाक्रोम परत आली. कोडॅकने 2022 च्या सुमारास तीनशेहून जास्त कामगार नव्याने भरले, 2024 च्या नोव्हेंबरात कारखाना काही दिवस थांबवून दुरुस्त केला. इंग्लंडच्या हार्मनने 2023 मध्ये फिनिक्स ही आपली पहिली रंगीत फिल्म काढली. या सगळ्याला पैसा लागतो आणि तो रोलच्या किमतीतूनच येतो. त्यात 2025 मध्ये चांदीने उच्चांक गाठले, ते वेगळंच.

खरी भीती महागाईची नाहीच. भीती आहे ती भाव वाढले म्हणून आपण पाठ फिरवण्याची. तसं झालं तर यंत्र रिकामं राहील, भाव आणखी चढतील आणि एक दिवस ते बंद पडेल. एकदा ते बंद पडलं की पुन्हा सुरू करणं किती कठीण, ते फेरानियावाल्यांना विचारा.

तेव्हा बॉस, महिन्याला चार रोल उडवायची गरज नाही. भाव वाढायच्या धास्तीने फ्रिजमध्ये वीस रोल कोंबूही नका. दोन-तीन महिन्यांतून एक घ्या, 36 फोटो विचार करून काढा, वेळेवर धुवायला टाका. कारखान्याला एकदम उसळलेली गर्दी नको, नेमाने येणारं गिऱ्हाईक हवं असतं. आणि कॅमेरा नुसताच शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. मग पुढच्या पिढीने रोल कुठे मिळतो म्हणून विचारलं, तर उत्तर तयार ठेवा.