‘झॉम्बी हरणां’चा आजार: आपल्या पेशी प्रियॉनशी कशा झुंजतात? औषध कुठवर आलंय?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी चितळं पाहून आलात आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘झॉम्बी हरणां’चा व्हिडिओ आला, तर दचकायला होणारच. खंगलेली, लाळ गाळत भेलकांडणारी ती हरणं प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतली असतात. २०२३ च्या अखेरीस यलोस्टोन नॅशनल पार्कात या आजाराची पहिली नोंद झाली आणि असे व्हिडिओ पुन्हा जोरात फिरले. भारतात हा आजार आढळलेला नाही. हरणांपासून तो माणसाला झाल्याचंही सिद्ध झालेलं नाही.

पण याच जातीचा एक आजार माणसांत आहे: क्रुट्झफेल्ट-जेकब, म्हणजेच सीजेडी. जगभर त्याचं प्रमाण वर्षाला दहा लाखांमागे एक-दोन इतकं आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३ लाख होती. त्या हिशेबाने अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड मिळून वर्षाला दहा-पंधरा घरांत हा आजार शिरत असावा. स्मृती जाते, तोल जातो आणि बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावतात.

प्रियॉन म्हणजे नेमकं काय?

तो जिवाणू नाही, विषाणूही नाही. आपल्या मेंदूत एक साधं प्रथिन असतं. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं वाकवतं. ही साखळी वाढत जाते. या शोधासाठी स्टॅनली प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

पेशी स्वतःला कशा वाचवतात?

पेशीत घडी सुधारणारी मदतनीस प्रथिनं असतात. बिघडलेला माल मोडीत काढणारी यंत्रणाही असते. शिवाय पेशीचं विभाजन झालं की प्रियॉन वाटले जातात, विरळ होतात. चेतापेशी मात्र विभागत नाहीत. त्यामुळे कचरा साठतो आणि पेशी मरते.

खरा बचाव वेगळाच निघाला: कच्चा मालच नसणं. १९९३ मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हे प्रथिन नसलेल्या उंदरांना प्रियॉन टोचूनही आजार होत नाही. दुसरा पुरावा पापुआ न्यू गिनीचा. तिथे मृतांचा मेंदू खाण्याच्या प्रथेतून ‘कुरू’ पसरला होता. त्यातून वाचलेल्या काही लोकांच्या प्रथिनात १२७ व्या जागी एक छोटा बदल सापडला. तोच बदल उंदरांत घातल्यावर तेही प्रियॉनला दाद देईनासे झाले.

मग औषध का नाही?

आधीचे प्रयत्न प्रियॉनवरच होते. मलेरियावरचं जुनं औषध क्विनाक्रिन प्रयोगशाळेतल्या पेशींत चाललं, पण रुग्णांचं आयुष्य वाढवू शकलं नाही. आता रोख चांगलं प्रथिनच कमी करण्यावर आहे. यामागे अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ आणि एरिक मिनिकेल हे जोडपं आहे. सोनियांची आई २०१० मध्ये अशाच आजाराने गेली आणि तोच दोष आपल्यातही असल्याचं सोनियांना चाचणीत कळलं. वकिली सोडून त्या संशोधनात उतरल्या.

२०२४ मध्ये त्यांच्या सहभागाने झालेल्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूतलं हे प्रथिन ८० टक्क्यांहून अधिक घटलं. २०२५ च्या जनुक-दुरुस्तीच्या प्रयोगात आजारी उंदरांचं आयुष्य सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलं. प्रथिन घटवणाऱ्या आयओएन७१७ या औषधाची रुग्णांवरची चाचणीही २०२४ मध्ये सुरू झाली. मंजूर औषध मात्र अजून एकही नाही.

पवईशी काय संबंध?

पार्किन्सनमध्येही एक प्रथिन असंच गोळा होतं. ते आधी द्रव थेंबांसारखं जमतं आणि मग घट्ट होत तंतू बनतं, हे पवईच्या आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. गोळा होण्याची ही पायरी कळली, तर ती कुठे अडवायची हेही शोधता येईल.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

सीजेडी स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शुश्रूषेने पसरत नाही. बहुतेक वेळा तो आपोआप उद्भवतो, त्यात कुणाचाच दोष नसतो. आणि काही आठवड्यांत स्मृती झपाट्याने ढासळली तर ‘वय झालं’ म्हणून थांबू नका, लगेच न्यूरोलॉजिस्टला दाखवा. मेंदूला येणारी काही प्रकारची सूज अगदी सीजेडीसारखी दिसते, पण ती उपचाराने बरी होऊ शकते. ती वेळेत ओळखणं आजही आपल्या हातात आहे.