सीझन तिकीट काढलं, पण खुर्ची नक्की कुणाची?

इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम जुलै २०२५ मध्ये थांबवण्यात आला. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० सालचा १५ वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. मग जानेवारी २०२६ मध्ये घोषणा झाली: सुरुवात १४ फेब्रुवारीला, सगळे १४ क्लब खेळणार, एकूण ९१ सामने. सगळ्यांनी हुश्श केलं. मी मात्र त्या ९१ वर अडकलो.

हिशोब सोपा आहे. १४ संघ एकमेकांशी एकदाच खेळले की ९१ सामने होतात. प्रत्येक संघाचे १३, त्यातले घरच्या मैदानावर ६ किंवा ७. आदल्या हंगामात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, १३ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २४ साखळी सामने, घरच्या मैदानावर १२. शब्द 'हंगाम' हाच, पण आतला माल जवळजवळ निम्मा. तर सीझन तिकीट काढणारा माणूस नक्की काय विकत घेतो? सामने, खुर्ची, की नुसता गेटातून आत जायचा हक्क?

मला का पडलंय

मी राहतो आरे-वारेत. आमच्यासाठी आयएसएलचं जवळचं मैदान म्हणजे मडगावचं फातोर्डा. आधी रत्नागिरी स्टेशन गाठायचं, मग गाडीने चारेक तास. संध्याकाळचा सामना संपला की परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसायचं. एवढा आटापिटा करून गेल्यावर मी, भाचा आणि त्याचा मित्र शेजारी-शेजारी बसू की नाही, हा प्रश्न छोटा राहत नाही.

एकदा एका स्टेडियमवर आमच्या तिकिटांवर खुर्चीचे नंबर छापलेले होते. गेलो तर तिथे दुसरंच कुटुंब डबा उघडून बसलेलं. गेटवरचा माणूस म्हणाला, "बसा हो कुठंही, मोकळंच आहे." तिघं तीन ओळींत बसलो.

आतलं गणित

तिकिटाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खुर्चीला एक ओळख असते: स्टँड, ब्लॉक, ओळ, नंबर. साधं तिकीट म्हणजे एका सामन्यासाठी त्या ओळखीसमोर तुमचं नाव. सीझन तिकीट म्हणजे घरच्या सगळ्या सामन्यांसाठी त्याच ओळखीवर कुलूप. एखाद्या सामन्याला तुम्ही जाणार नसाल आणि क्लबने सोय दिली असेल, तर ॲपवरून खुर्ची 'सोडता' येते. तेवढ्या एका सामन्यापुरता तुमचा कोड रद्द होतो, नव्या माणसाच्या नावे नवा कोड तयार होतो आणि पुढच्या सामन्याला खुर्ची परत तुमची.

पण हे सगळं कधी चालतं? गेटवरचा स्कॅनर फक्त 'आत सोडा' किंवा 'सोडू नका' एवढंच सांगतो. आत गेल्यावर कोण कुठे बसलं, हे त्याला कळत नाही. ते बघायला माणूसच लागतो. नंबर छापणं सोपं, पाळायला लावणं अवघड.

डबा पक्का की जागा पक्की?

आपल्याला हा फरक रेल्वेने कधीच शिकवलाय. डेक्कन क्वीनच्या पासधारकांना स्वतंत्र डबा असतो. डबा पक्का, पण आत कोण कुठे बसणार ते रोजच्या ओळखीवर आणि वेळेत पोचण्यावर. आरक्षणाचं तिकीट असेल तर जागाही पक्की.

फुटबॉलमध्येही दोन्ही पद्धती आहेत. डॉर्टमुंडच्या प्रसिद्ध पिवळ्या भिंतीत, म्हणजे दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये, जर्मन लीगच्या सामन्यांना २४ हजारांवर लोक उभे राहतात. तिथल्या सीझन तिकिटाला खुर्चीच नाही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. कारण आपण काय घेतोय ते घेणाऱ्याला आधीच माहीत असतं. इंग्लंडमध्ये उलट. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ जणांचा जीव गेला. त्यानंतर वरच्या दोन लीगमधली मैदानं पूर्ण खुर्च्यांची झाली आणि सीझन तिकीट ठरावीक खुर्चीला जोडलं गेलं. सुरक्षित कठड्यांसह उभं राहायची परवानगी २०२२ पासून पुन्हा मिळाली, पण तिथेही प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

कुलूप क्लबचं, किल्लीही क्लबची

ठरावीक खुर्ची मिळाली म्हणजे ती कायमची झाली असंही नाही. एव्हर्टनचा क्लब १८९२ पासून गुडिसन पार्कवर होता. २०२५ मध्ये तो गोदीकाठच्या नव्या स्टेडियमवर गेला. जुनं साधारण ३९ हजारांचं, नवं ५२ हजारांवर. जुन्या ब्लॉकची ओळ नव्या नकाशात नेमकी कुठे बसवणार? खुर्च्या वाढल्या तरी जुने शेजारी आपोआप शेजारी येत नाहीत. एकत्र बसायचं तर खरेदीही एकत्र करावी लागते.

मँचेस्टर युनायटेडने तर मैदान न बदलता २०२५ मध्ये डगआउटजवळच्या सीझन तिकीटधारकांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं. त्या खुर्च्या महागड्या हॉस्पिटॅलिटी पॅकेजसाठी हव्या होत्या. सॉफ्टवेअरसाठी हे म्हणजे दोन-चार क्लिक. वर्षानुवर्षं त्याच शेजाऱ्यासोबत गोल बघितलेल्या माणसासाठी मात्र अख्खा पारच उठवल्यासारखं.

शिवाय इंग्लंडमधले मोठे क्लब आता किमान वापराची अट घालू लागलेत. ठरावीक सामन्यांना या, नाहीतर तिकीट दुसऱ्याला द्या, नाहीतर पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरा. रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी हे ठीक आहे. पण लांबून येणाऱ्यासाठी 'सोडायची' सोय नसेल, तर हीच अट जाचक ठरते.

तिकीट काढण्याआधी हे वाचा

- घरच्या मैदानावरचे सामने किती? किंमत त्या आकड्याने भागा.
- तिकीट खुर्चीचं आहे की स्टँडचं?
- न जाणाऱ्या सामन्याला खुर्ची सोडता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येते का?
- हंगाम छोटा झाला, थांबला किंवा मैदान बदललं तर पैसे परत मिळणार का?
- क्लब खुर्ची बदलू शकतो का, आणि किती दिवस आधी कळवणार?

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या क्लबांनी आधी एवढंच करावं: नंबर छापायचा तर पाळायचा, नाहीतर तिकिटावर सरळ 'कुठेही बसा' लिहायचं. भाच्याला मी सांगितलंय, यंदा एकेका सामन्याची तिकिटं काढू. तो म्हणतो, सीझन तिकिटात किल्ली तरी आपल्या खिशात राहते. मी म्हटलं, आधी अटी वाच, किल्ली कुणाच्या खिशात आहे ते कळेल.