जालन्याचा कप्तान

या खेपेला बी-बियाणं जरा बाजूला ठेवतो आणि एक जुनी रुखरुख तुमच्यापुढं मांडतो.

२०१४ सालचा फेब्रुवारी आठवतो का? आपल्या जालन्याचा विजय झोल तेव्हा १९ वर्षांखालच्या भारतीय संघाचा कप्तान होता. जालना म्हणजे मोसंबी, बियाणं आणि लोखंडाचं गाव. तिथला पोरगा देशाचा कप्तान म्हणून विश्वचषकाला दुबईकडं जातो, याचं आम्हाला काय अप्रूप! आणि पोरगा काही वशिल्यानं गेलेला नव्हता, बरं का. २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्यानं एकट्यानं नाबाद ४५१ धावा काढल्या होत्या. २०१२ साली विश्वचषक जिंकलेल्या संघातही तो होता.

सुरुवात झकास झाली. पाकिस्तानला ४० धावांनी हरवलं. स्कॉटलंडविरुद्ध कुलदीप यादवनं तीन चेंडूंत तीन गडी टिपले. मग २२ फेब्रुवारीला इंग्लंडशी उपांत्यपूर्व सामना. गहू सोंगायला आलेला, तरी आम्ही हॉटेलातल्या टीव्हीसमोर ठाण मांडून. आपले पहिले चार गडी स्वस्तात गेले. कप्तानानं ४८ आणि दीपक हुडानं ६८ काढून डाव सावरला, २२१ झाल्या. इंग्लंडनं शेवटच्या षटकात, तीन गडी राखून सामना नेला.

मी तोंड सोडलं. "याला कप्तानी झेपली नाही!" असं भर हॉटेलात बोलून गेलो. चहा देणारा पोरगा कपबशा उचलता उचलता म्हणाला, "काका, बाकीचे गेले तेव्हा तोच उभा होता की." माझ्याकडं उत्तर नव्हतं. बिल देऊन मी घरी आलो.

पुढच्या काही दिवसांतच मराठवाड्यावर गारपीट झाली. तुमच्यापैकी कितीकांनी आडवा गहू आणि झाडाखाली मोसंबीचा सडा पाहिला असेल. मग कुठला विश्वचषक! आपला संघ पाचवा आला, त्याची बातमीसुद्धा कोणी धड वाचली नाही. जगात पाचवा म्हणजे वाईट का हो?

त्या संघातले श्रेयस अय्यर, संजू सॅमसन, कुलदीप, हुडा, सरफराज खान पुढं मोठ्या भारतीय संघात खेळले. कप्तानाला मात्र ती टोपी मिळाली नाही. उन्नीस-वीसच्या वयात कोण कुठवर जाईल, हे आमच्यासारख्या हॉटेलातल्या पंचांना काय कळणार!

आता श्रेयस खेळायला आला की हॉटेलात कोणीतरी हमखास म्हणतं, "हा आपल्या विजयच्या हाताखाली खेळलाय." मग मी मध्येच तोंड घालतो आणि त्या ४८ धावांची गोष्ट नव्या पोरांना पहिल्यापासून सांगतो. माझं बोलणं मात्र त्यातनं गाळत नाही.